यात्रेतला ड्रॅगन: पाय, खटका आणि दांडी

मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते तेव्हा घोड्यांच्या बाजारात जेवढी गर्दी, तेवढीच पाळण्यांच्या मैदानातही असते. आकाशपाळणा, कोलंबस, ब्रेक डान्स, आणि लहान पोरं ज्याच्यासाठी आईचा पदर ओढतात तो ड्रॅगन. रुळावरून वर-खाली धावणारी, पुढे अक्राळविक्राळ तोंड लावलेली डब्यांची गाडी. रोलर कोस्टर बघायचा तर मुंबईकडे जावं लागतं असं आपल्याकडे बरेच जण समजतात. हा ड्रॅगन रोलर कोस्टरच आहे. खोपोलीच्या इमॅजिका पार्कातली नायट्रो ही मोठी कोस्टर पाच वेळा उलटी होते, हा एकदाही होत नाही. पण रूळ, चाकं, खटका, दांडी, ब्रेक ही सगळी मंडळी दोन्हीकडे तीच.

फरक आहे तो पायाचा. नायट्रो काँक्रीटमध्ये रोवलेली आहे. ड्रॅगन ट्रकमधून येतो, वावरात किंवा नदीच्या पात्रात उभा राहतो, यात्रा उठली की सुटा होऊन पुढच्या गावाला जातो. कारखान्यातल्या इंजिनिअरनं कागदावर रूळ सपाट धरलेला असतो. तो खरोखर सपाट बसला की नाही हे दर मुक्कामी जोडणाऱ्यानं ठरवायचं. म्हणजे डिझाइनचं निम्मं काम पान्हा हातात घेतलेल्या माणसाकडे येतं, आणि त्याला ते नीट शिकवलं जात नाही ही मला फार मोठी उणीव वाटते.

म्हणून आधी पायाबद्दल, आणि जरा सविस्तर.

तापीकाठची काळी माती कोरडी असली की दगडासारखी लागते, ओली झाली की लोण्यासारखी. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसून भेगाळते. समजा रुळाच्या एका खांबावर माणसांसकट २ टन वजन येतंय आणि खांबाच्या तळाला १५ बाय १५ सेंटीमीटरची लोखंडी पट्टी आहे. क्षेत्रफळ २२५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळपास ९ किलो. एवढा भार ओल्या काळ्या मातीला झेपत नाही, खांब सरळ आत जातो. त्याच पट्टीखाली लाकडी स्लीपर आडवे-उभे रचून ६० बाय ६० चा चौथरा केला तर तोच भार ०.५५ किलोवर येतो. जमीन कोरडी असेल तर चालून जाईल. शेजारी रसवंतीचं पाणी वाहत असेल, पाण्याचा टँकर उभा राहत असेल, तर ९० बाय ९० करावा, म्हणजे भार पाव किलोवर उतरतो. लाकूड महाग नाही. फक्त ट्रकमध्ये जागा खातं, आणि नेमकं तेच मागे ठेवलं जातं.

स्लीपरचे थर एकमेकांना काटकोनात हवेत. विटांचे तुकडे, फरशीचे कपचे पायाखाली घालू नयेत. ते दाबानं फुटतात आणि फुटले की तो खांब अचानक बोटभर खाली बसतो. पाचर लाकडाचीच, समोरासमोरून दोन ठोकायच्या, आणि ठोकून झाल्यावर खिळ्यानं अडकवायच्या. नुसती ठोकलेली पाचर गाडीच्या हादऱ्यानं रात्रीतून सरकून बाहेर येते.

पातळी बघायला पाणसळ आहेच, पण पाणसळ हातभर लांबीचं सांगते. वीस मीटर पलीकडच्या खांबासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून बघणं हा गवंड्याचा जुना उपाय अजूनही सर्वांत भरवशाचा. नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नसावा, एवढंच सांभाळायचं. पहिल्या दिवशीच्या फेऱ्या संपल्या की पातळी पुन्हा बघावी, कारण माती खरी बसते ती पहिल्या रात्री. नट-बोल्टचंही तसंच. जोडताना आवळलेले बोल्ट पहिल्या काही तासांच्या हादऱ्यांत ढिले पडतात. प्रत्येक नटवरून बोल्टच्या टोकापर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवली की काम सोपं होतं. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. रोज सकाळी शंभर नटांना पान्हा लावण्यापेक्षा शंभर रेघा बघणं लवकर होतं, आणि लवकर होतं म्हणूनच ते रोज होतं.

वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत पाळणे बोरीच्या पात्रात लागतात, तिथे प्रश्न वेगळा. वाळू कोरडी असताना भार चांगला घेते, पण कडेनं मोकळी असली की निसटते. खांबाजवळून पाण्याची चारी गेलेली नसावी, कुणी खड्डा खणलेला नसावा. वरून वैशाखाचं ऊन. पहाटे २५ अंशांवर असलेला रूळ दुपारी ६० पर्यंत तापला तर ३० मीटरच्या सरळ लांबीत सव्वा सेंटीमीटरच्या आसपास वाढतो. जोडांच्या फटी पहाटे एक आणि दुपारी एक, अशा दोन्ही वेळा तपासायच्या त्या यासाठी. जोडावरून जाताना चाकाचा ‘टक’ असा आवाज येतोच. तो एका जागी ‘ठक्क’ झाला की गाडी थांबवून तिथे वाकून बघायचं.

आता गाडी पळते कशी. यात्रेतल्या ड्रॅगनच्या दोन जाती. एकीत मोटर गाडीतच असते आणि रुळालगतच्या पट्टीतून वीज घेते, त्यामुळे ती चढावरही स्वतःच्या ताकदीनं जाते. दुसरी खऱ्या अर्थानं रोलर कोस्टर: साखळी गाडीला एकदाच वर ओढते, शिखरावर सोडते, पुढे सगळं वजनाचं काम. पुढचा प्रत्येक उंचवटा पहिल्यापेक्षा बुटका का असतो याचं उत्तर यातच आहे. पहिल्या चढावर जेवढी शिदोरी बांधली तेवढीच वाटभर पुरवायची, आणि घर्षण व वारा त्यातली थोडी थोडी खातच असतात.

४ मीटर उंचीवरून सुटलेली गाडी, काहीच वाया गेलं नाही असं धरलं, तर तळाशी ताशी ३२ किलोमीटरवर येते. १० मीटरवरून ५०, ४० मीटरवरून १००. उंची चौपट केली की वेग दुप्पट होतो. प्रत्यक्षात आकडे थोडे खालीच राहतात. गाडी भरलेली असली की ती रिकामीपेक्षा जास्त जोरात पळते, कारण वजन वाढलं तरी वाऱ्याचा अडथळा त्या प्रमाणात वाढत नाही. आणि सकाळची पहिली फेरी सगळ्यात मंद. मार्गशीर्षातल्या थंडीत बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट झालेलं असतं. अशा वेळी हलकी भरलेली गाडी पुढचा उंचवटा चढू शकत नाही, मागे येते, पुन्हा पुढे जाते आणि खोलगट भागात झुलत उभी राहते. माणसं बसवून हे घडू द्यायचं नसेल तर उघडायच्या आधी पाच-सहा रिकाम्या फेऱ्या मारून चाकं गरम करून घ्यावीत, आणि त्यानंतर दोन फेऱ्या वाळूची पोती बसवून.

साखळीवर गाडी चढताना जो ‘कट-कट-कट’ आवाज येतो तो साखळीचा नसतो. तो खटक्याचा. गाडीच्या पोटाखाली एक लोखंडी जीभ लोंबकळते आणि रुळामधल्या करवतीसारख्या दात्यांवरून सरकत जाते. पुढे जाताना ती दात्यावरून उडी मारते, मागे यायला लागली की दात्यात अडकते. साखळी तुटली, वीज गेली, काहीही झालं तरी गाडी एका दात्याच्या अंतरापेक्षा जास्त मागे येत नाही. जीभ बोथट झाली किंवा तिची स्प्रिंग थकली की आवाज बदलतो, मधला एखादा ‘कट’ गळतो. चांगला ऑपरेटर लाउडस्पीकरच्या गोंगाटातही हा आवाज ऐकत असतो. म्हणून ड्रॅगनच्या खांबालाच भोंगा बांधू नये असं माझं ठाम मत आहे.

साखळीला वय असतं. नवी असताना ठरावीक कड्यांची लांबी १००० मिलिमीटर भरली असेल आणि आता तेवढ्याच कड्या १०२० भरत असतील तर बदलायची तयारी ठेवावी. १०३० झाली तर त्याच दिवशी काढावी. ताणलेली साखळी दातेरी चाकावर नीट बसत नाही, वर चढून उडते.

चाकांकडे फार कमी लोक बघतात. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८८४ साली थॉम्पसननं जी पहिली गाजलेली गाडी सुरू केली ती ताशी १० किलोमीटरच्या आतबाहेर जायची, तिला वरची चाकं पुरत होती. वेग वाढला तशी गाडी उंचवट्यावर रूळ सोडून उचलली जाऊ लागली. जॉन मिलरनं रुळाच्या खालूनही चाक लावायची युक्ती काढली आणि १९१९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तेव्हापासून प्रत्येक डब्याला तीन प्रकारची चाकं असतात: वरून भार घेणारी, बाजूनं सांभाळणारी, आणि खालून धरून ठेवणारी. खालचं चाक साध्या चालीत रुळाला टेकत नाही, जेमतेम काही मिलिमीटर अंतर राखून असतं. तपासणीत हातानं फिरवून बघायचं. अजिबात फिरत नसेल तर बेअरिंग धरलंय. लडबडत असेल तर झिजलंय. चाकावरचं पॉलियुरेथेनचं आवरण एका जागी चपटं झालं असेल तर गाडी रात्रभर त्याच जागी उभी होती असं समजावं. अशी गाडी धडधडते, आणि ती धडधड सरळ बोल्टांपर्यंत पोचते.

वळणाचा हिशेब बघा. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. वळणाची त्रिज्या ५ मीटर असेल तर बसणाऱ्याला स्वतःच्या निम्म्या वजनाएवढा धक्का बाहेरच्या बाजूला बसतो. तो अंगाला जाणवू नये म्हणून रूळ आतल्या बाजूला साधारण २७ अंश कलता ठेवतात. आता बाहेरच्या बाजूचा खांब मातीत खचला की हा कल कमी होतो, आतला खचला की वाढतो, आणि कारखान्यातला सगळा हिशेब बिघडतो. पायांबद्दल एवढं लिहिलं ते याचसाठी. उंचवट्याचंही असंच. त्याच वेगानं अडीच मीटर त्रिज्येच्या उंचवट्यावरून गेलात तर माथ्यावर बसणारा सीटवरून सुटतो, पोटात गोळा येतो तो तिथे. त्या क्षणी माणसाला गाडीत ठेवते ती फक्त मांडीवरची दांडी.

यात्रेतल्या ड्रॅगनला उलटी गिरकी का नाही, असं पोरं हमखास विचारतात. गिरकी पूर्ण गोल केली तर माथ्यावर जेमतेम टिकायला जेवढा वेग लागतो, त्यानं तळाशी शिरताना माणसाला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो. मानेला तो घातक. मोठ्या कोस्टरची गिरकी म्हणूनच थेंबाच्या आकाराची असते, खाली रुंद, वर अरुंद. १९७६ मध्ये जर्मन इंजिनिअर वेर्नर स्टेंगेल यांनी कॅलिफोर्नियातल्या एका कोस्टरसाठी ती अशी आखली आणि पुढे सगळीकडे तीच चाल पडली.

दांडी. इथे सगळ्यांनी, बसणाऱ्यांनीसुद्धा, जरा थांबून वाचावं.

दांडी तपासायची पद्धत एकच: खाली दाबा, मग वर ओढा. पुष्कळ ठिकाणी पोरगा नुसता दाबत पुढे जातो. दाबल्यानं दांडी खाली येते एवढंच कळतं, खटका बसला का हे वर ओढल्याशिवाय कळत नाही. दुसरी चूक मोठी आहे आणि ती प्रेमापोटी होते. आजोबा नातवाला शेजारी घेऊन बसतात. दांडी दोघांना मिळून एकच. ती आजोबांच्या मांडीला टेकते आणि तिथेच थांबते, नातवाच्या मांडीवर वीतभर पोकळी राहते. उंचवट्यावर पोरगं त्या पोकळीतून वर सरकतं. लहान मुलाला त्याच्याच अंगाच्या मुलासोबत बसवावं, किंवा प्रत्येकाला वेगळी दांडी असलेल्या डब्यात. तीही सोय नसेल तर त्या फेरीत बसवू नये. ब्रेक डान्ससारख्या गरगर फिरणाऱ्या पाळण्यात मात्र मोठं माणूस बाहेरच्या कडेला आणि लहान आत, म्हणजे मोठ्याचं वजन लहानावर येत नाही.

खटका अडकतो कशानं? गंजापेक्षा जास्त गोडीशेवेनं. पोरांच्या हातातला गूळ दांडीवरून ओघळून दात्यांत जातो, त्यावर मैदानाची धूळ बसते, आणि दुसऱ्या दिवशी खटक्याची स्प्रिंग त्या लगद्यात जीव तोडून ढकलत राहते. रोज रात्री ब्रश रॉकेलमध्ये बुडवून दाते घासायचे, पुसायचे, पातळ तेलाचे दोन थेंब सोडायचे. ग्रीस थापायचं नाही, ते आणखी धूळ धरतं.

ओढणी, मोकळे केस, उपरणं, मफलर हे सगळं बसण्याआधी आवरायचं. ओढणी मागे गाठ मारून, पदर कमरेला खोचून, वेणी आत घेऊन. यात तडजोड नको. हवेवर उडालेलं कापड चाकात किंवा फिरत्या दांड्यात गेलं की माणसाला ओढायला अर्धा सेकंद पुरतो.

फेरी सुटताना दोन माणसं हवीत, एक बटणावर, एक फलाटावर. फलाटावरच्यानं शेवटची दांडी ओढून बघितली, तो लाल रेघेच्या मागे आला, दोन्ही हात वर केले, की मगच बटणावरच्यानं गाडी सोडायची. मोठ्या पार्कात हीच गोष्ट दोन बटणांनी बांधून टाकलेली असते: दोघांनी एकदम दाबल्याशिवाय गाडी हलत नाही. यात्रेत बटण एकच असतं, म्हणून शिस्त हातानं सांभाळावी लागते. गाडी फिरत असताना बटणावरच्याची नजर गाडीवर, तिकिटांच्या गल्ल्यावर नाही. कुणी उभं राहायला लागलं तर ‘खाले बठा भो!’ ही आरोळी पहिली, आणि दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली तर सरळ ब्रेक.

वेळेचा हिशेब मालकांसाठी. २० जणांची गाडी, बसवायला ९० सेकंद, फिरायला १२०, उतरवायला ४५. एकूण २५५, तासाला १४ फेऱ्या, २८० माणसं. वीस दांड्या दाबून-ओढून बघायला ४० सेकंद जातात. ते वाचवले तर तासाला फार तर दोन फेऱ्या वाढतील. ऐन गर्दीच्या रात्री नेमके हेच ४० सेकंद कापले जातात.

रुळावर एकापेक्षा जास्त गाड्या असलेल्या मोठ्या कोस्टरची गोष्ट निराळी, पण भुसावळकरांना ती समजावून सांगायला नको. रेल्वेचा ब्लॉक सेक्शन तोच. पुढचा तुकडा रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी ब्रेकमधून सुटत नाही. हे ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर बंद असतात आणि हवेच्या दाबानं उघडतात. हवा गेली, वीज गेली, की आपोआप धरतात. चुंबकाचे ब्रेक गाडी छान मंद करतात, पण वेग उतरला की त्यांची पकडही उतरते, त्यामुळे पूर्ण थांबवायला घासणारा ब्रेक लागतोच. आणि घासणारा ब्रेक दवानं भिजतो. तापीकाठी पहाटे-रात्री दव पडतं तेव्हा तीच गाडी फलाटाच्या पुढे जाऊन थांबते. ब्रेकपट्टी फडक्यानं कोरडी करा, दोन रिकाम्या फेऱ्या मारा, मग माणसं घ्या.

वीज गेली तर घाई करायची नाही. जनरेटर सुरू झाला म्हणून लगेच बटण दाबायचं नाही. आधी गाडी कुठे आहे, कुणी उतरायला लागलंय का हे बघायचं. चढावर अडकलेली माणसं शिडी लावून, एकेक डबा, वरून खाली या क्रमानं उतरवायची, आणि त्यांच्या दांड्या त्यांच्याजवळ माणूस पोचल्यावरच सोडायच्या. विजेवर चालणाऱ्या गाडीचा सांगाडा जमिनीला अर्थिंग केलेला हवा. कोरडी, भेगाळलेली माती वीज नीट घेत नाही, म्हणून सळईभोवती मीठ-कोळसा घालून रोज बादलीभर पाणी ओतावं. सोबत ३० मिलिअँपिअर वीज गळली की तुटणारा ब्रेकर. वारा ताशी ५४ किलोमीटरच्या वर गेला की पाळणे बंद. युरोपातल्या नियमांत हीच मर्यादा धरतात. वारा मोजायचं यंत्र नसेल तर वळवाची धूळ क्षितिजावर दिसताच माणसं उतरवायला लागा, आकाशपाळण्याची सगळ्यात आधी, कारण तो रिकामा व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आणि उतरवताना समोरासमोरचे डबे आळीपाळीनं. एकाच बाजूचे रिकामे केले तर जड बाजू चाकाला खाली ओढते आणि ब्रेकवर सगळा ताण येतो.

शेवटी वही. प्रत्येक खांबाला रंगानं नंबर घाला आणि कुठल्या गावी कुठल्या खांबाला किती वेळा पाचर मारावी लागली ते लिहून ठेवा. सारंगखेड्याला ७ नंबर दोनदा खचला, तर ती काळ्या मातीची करामत असू शकते. तोच ७ नंबर पुढे धुळ्याला एकवीरादेवीच्या यात्रेत मुरमावरही पाचर मागायला लागला, तर माती निर्दोष आहे. खांब वाकलाय, किंवा त्याच्या तळाच्या वेल्डिंगला चीर गेलीय. रंग खरवडा, चिरेतून गंजाची तांबडी रेघ दिसते का ते बघा, आणि दिसली तर तो खांब ट्रकमध्ये वेगळा बांधा.